तुमच्या वयाला झेपेल असं पुस्तक

आई, बाबा,

"आपली पोरगी सध्या कुठलं पुस्तक वाचतेय?" हे तुम्हाला तोंडावर विचारायची पैज मैत्रिणींनी लावलीय. तुमची तोंडं हल्ली घरी दिसतच नाहीत, म्हणून चिठ्ठीत विचारते. तुमची विकेट पडणार, मला माहितीये!

लहानपणी माझं प्रत्येक पुस्तक बाबा आधी स्वतः वाचायचे. "हे पुढच्या वर्षी," म्हणत काही कपाटावर टाकायचे आणि मी स्टुलावर चढून ती काढायचे. तेव्हा असला राग यायचा! पण पानांवर चहाचे डाग असायचे, त्यावरून कळायचं की बाबा इथे रेंगाळलेत. मग जेवताना आपण त्यावरून भांडायचो. आई तर न वाचताच माझी बाजू घ्यायची.

मग तुम्ही लायब्ररीचं मोठ्यांचं कार्ड हातात दिलंत. "मोठी झालीस, हवं ते वाच." मी नाचले होते. पण परवा एक पुस्तक संपवून ढसाढसा रडले, आणि सांगायला घरात फ्रिजशिवाय कोणी नव्हतं.

तेच टेबलावर ठेवलंय. जाड आहे म्हणून घाबरू नका. मी तपासलंय, तुमच्या वयाला झेपेल. भाजी गरम करून घ्या, मी क्लासला चाललेय.

आणि निर्णय झालाय, चर्चा नाही. यापुढे तुमची पुस्तकं मी निवडणार, आणि रविवारी जेवताना आपण तिघं त्यावर भांडणार. चहा सांडला तरी चालेल.

— तुमची बडबडी