क्रांतीच्या फडताळाची आणि घराची व्यवस्था

मी, रंगूबाई गुंडा घार्गे, वय चौसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार कडेगाव, जि. सांगली, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने वा शिकवणीने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. पती हवालदार गुंडा घार्गे यांच्या पश्चात मिळालेल्या पैशातून मी हे घर बांधले व ते माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते मी मुलगी क्रांती हिला देते. मुलगा ऋषिराज याला का देत नाही, तेही लिहिते, म्हणजे मागून कोणी तर्क लढवायला नको.

क्रांतीला फलटणजवळ दिले होते. जावई धैर्यशील तिला मारत असे. शेवटी तोंड सुजलेले, कानातून रक्त आलेले, अशी ती वकिलीच्या अभ्यासाची पुस्तके पोत्यात भरून एसटीने आली. मी विचारले, "कपडे कुठं हायत?" ती म्हणाली, "पुस्तकं जाळाय काढली हुती त्यानं. तेवढीच उचलली."

पुढच्या खोलीत दोन खांबांमध्ये फूटभर खोल जागा होती. तिथे त्या पुस्तकांसाठी भिंतीतच फडताळ करायचे ठरवले. सुताराची मजुरी झेपणारी नव्हती, म्हणून आम्ही मायलेकींनी स्लॅबला वापरलेल्या जुन्या फळ्या भंगारातून आणल्या, खिळे उपसले, रंधा मारला. ड्रिल मशीन शेजारच्या आकारामचे आणले. भिंतीत भोके पाडून, स्क्रू धरायला त्यांत लाकडी गिट्ट्या ठोकून लोखंडी अँगल बसवले आणि उभ्या फळ्या स्क्रूने खांबांना आवळल्या.

वरची फळी बसवायची राहिली होती, त्या दुपारी ऋषिराजने दाराची कडी काढली. धैर्यशील दोन माणसे घेऊन आत आला. ऋषिराज म्हणाला, "मीच बोलावलंय त्यास्नी. मिटवून टाक आई, लोकं लय बोलत्यात."

धैर्यशीलने क्रांतीचे केस हाताला गुंडाळून ओढले. तिने उभी फळी दोन्ही हातांनी धरली. त्याने तिच्या बोटांवर बुटाने लाथा घातल्या. नखे उखडली, पण तिने फळी सोडली नाही आणि फळीही भिंतीतून हलली नाही. मग एकाने कोयता काढला. मी हात मध्ये घातला. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट तुटून फरशीवर पडले.

"मामी, बाजूला व्हा, न्हाईतर मुंडकं उडवीन," धैर्यशील म्हणाला.

माझ्या उजव्या हातात हातोडी होती. मी ती त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला, तेव्हा पुन्हा त्याच गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचे ऐकू आले. त्याची माणसे पळाली.

ऋषिराज दारातच उभा होता. मी म्हणाले, "फडकं दे रं, हात बांधाय." तो जागचा हलला नाही. माझा हात आकारामने येऊन बांधला.

घराचे दार कुणासाठी उघडायचे हे ज्याला कळले नाही, त्याला मी घर देत नाही.

२. रान. पतीच्या उसाच्या रानातला माझा हिस्सा ऋषिराजला देते. तो माझाच मुलगा आहे.

३. हत्यारे. रंधा, करवत, पाने क्रांतीला. हातोडी पोलिसांत जमा आहे. निकाल लागल्यावर तिने ती अर्ज करून परत घ्यावी.

४. फिर्याद. धैर्यशीलने माझ्यावर केलेली फिर्याद टिकली नाही. माझी त्याच्यावरची चालू आहे. क्रांतीचा काडीमोड झाला असून ती आता सांगलीत वकिली करते. माझ्या पश्चात कोणी पाया पडले तरी तिने साक्ष फिरवू नये. धैर्यशील लंगडतो, याची कीव येईल त्याने आधी क्रांतीचा उजवा कान तपासून पाहावा. त्या कानाने तिला ऐकू येत नाही.

५. अंत्यविधी. खांदा ऋषिराजने द्यावा. अग्नी क्रांतीने द्यावा. ऋषिराजला राग आला तर त्याने तो सरणापाशी, चार माणसांत बोलून दाखवावा. बहीण एकटी असताना घरी जाऊन बोलू नये.

हे लिहिताना क्रांती हजर नव्हती. मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : कडेगाव
दिनांक : ११ जून २०२४

(सही) रंगूबाई गुंडा घार्गे

साक्षीदार :
१. (सही) आकाराम जोतिबा माळी, शेजारी
२. (सही) भाऊसो शंकर कुंभार, निवृत्त पोस्टमन. मजकुराबद्दल तक्रार नाही. ऋषिराज माझा जावई आहे, तरी सही करतो.