मला मशीन नको

मंगळवार, ९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय.

तू पाठवलेला टेंपो काल आला. दोघा गड्यांनी माझं शिलाई मशीन उचललं आणि मी नुसती बघत बसले. तुझा संध्याकाळी फोन, "आई, शेवटी ऐकलंस बाई माझं!" चार वर्षं तू 'शिवणकाम सोड' म्हणून कानीकपाळी ओरडतेस, आणि मी रविवारी फोनवर एवढंच म्हणाले, "मला आता मशीन नको." पुढचं बोलवेना, म्हणून फोन ठेवला. तू लागलीच टेंपो ठरवलास. उतावळी कुठली!

अगं, ते मशीन नव्हे. आता टेंपोवाल्याला काय सांगणार होते, बाबा रे, मी दवाखान्यातल्या मशीनबद्दल बोलत होते?

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला. फुप्फुसं आखडत चाललीत. नीट राहिले तर काही वर्षं काढीन, असं त्या म्हणाल्या, आणि मी काढणारच आहे. पण एखाद्या दिवशी श्वास पुरला नाही, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं का, हे शुद्धीत असतानाच ठरवा म्हणाल्या. तेव्हा मला बोलता येणार नाही. माझ्या वतीनं बोलणारं कुणीतरी हवं.

मी तुझं नाव सांगितलं. दादाचं नाही. दादा गुणाचा आहे, पण मला साधं खरचटलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी. तो "काहीही करा, पण आईला वाचवा" म्हणत डॉक्टरांचे पाय धरेल. तू पाच वर्षांची असताना इंजेक्शनवाल्याला चावली होतीस.

नीट ऐक. बरी होण्यासारखी असेन तर औषधं, सुया, सगळं करा. ताप आला की 'आईला काही नको होतं' म्हणून हातावर हात धरून बसाल तर याद राखा! पण परत उठण्याची आशा नसेल तर नळी नको. दुखणं थांबवा, उशाशी बसा, आणि भांडू नका.

मला भीती वाटते, ठमे. मरणाची थोडी, तुझी जास्त. "नको" म्हणून झाल्यावर तू जन्मभर स्वतःला खात बसशील. म्हणून लिहून देते. 'मी आईला जाऊ दिलं' असं मनात आणायचं नाही. 'आईनं सांगितलं, ते मी बोलले,' एवढंच.

मशीन या आठवड्यात परत पाठव. शेजारणीच्या लेकीचा नोकरीवरचा पहिला कोट बिनबाह्यांचा लटकलाय. तूही ये. दादाला समोर बसवून सांगू, रडला तर रडू दे.

वेळ येईल तेव्हा तुझ्या तोंडून बोलणारी, आणि तोवर स्वतःच्याच तोंडानं भांडणारी,
तुझी आई