उजवं पान

रवि. १६ नोव्हें.
गणपतीनंतर इथे एक ओळ नाही. सातवीच्या मुलांना रोज सांगते, दोन ओळी तरी लिहा, आणि स्वतःची वही कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली सापडली. लाज वाटली. सबब काही नाही. पुन्हा सुरू करते.

वाचन-वह्यांना जूनपासून पाच महिने झाले. डावं पान: पुस्तकातलं आवडलेलं वाक्य. उजवं पान: ते वाचून मनात काय आलं. पहिल्या दिवशी वर्गाला तीन शब्द दिले होते. मार्क नाहीत, लाल पेन नाही, माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. जुलैत उजव्या पानावर 'छान वाटले' एवढंच यायचं. आता वाचायला बसले की चहा गार होतो.

शनिवारी पालकसभा. मुख्याध्यापक म्हणाले, भिंतीवर काहीतरी लावा, तुमच्या वह्यांचं कौतुक कळू दे लोकांना. पाच उतारे निवडलेत. नावं काढून स्वतः ड्रॉइंग पेपरवर लिहिणार. नाव नसलं म्हणजे शब्द मोडत नाही ना? तीनदा विचार केला. नाही मोडत, असं ठरवलं.

मंगळ. १८
पाचातला सर्वांत चांगला हर्षलाचा. कोन गावची मुलगी, मोठ्याने वाचायला सांगितलं की बाकाकडे बघते. डावीकडे ग्रंथालयातल्या पुस्तकातलं वाक्य: 'विहीर आटली तरी पायवाट तिथेच जात होती.' उजवीकडे:

'माझे आजोबा रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन जातात. जिथे आमचं शेत होतं तिथे आता गोडाऊन हाय. वॉचमन त्यांना गेटवर खुर्ची देतो. ते कोणाशी बोलत न्हाय. ट्रक आत जातात ते बघतात. बाबा लोकांना सांगतात, फिरायला जातात.'

स्टाफरूममध्ये शेख मॅडमना वाचून दाखवलं. (हाही शब्द मोडलाच की. आत्ता लिहिताना लक्षात आलं.) त्या विज्ञान शिकवतात, घराण्याच्या निजामपुरा मोहल्ल्यात चार पिढ्या. त्या म्हणाल्या, "भिंतीवर लावताय? बच्चीला विचारलंत?"
विचारते म्हटलं.

शुक्र. २१
हर्षला काल-आज गैरहजर. ताप. विचारायचं राहिलं.
कागद संध्याकाळी लावले. अक्षर बरं आलं.
राहिलं असं लिहिलंय खरं. पण बुधवारी ती समोर होती, पूर्ण तास.

शनि. २२
पालकसभा. सव्वाअकराला हर्षलाचे वडील भिंतीपाशी उभे. कोनचे आणखी दोघे शेजारी. त्यातला एक कागदावर बोट ठेवून हसला, म्हणाला, "अरे, हा तं आपला म्हातारा." दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

नाव काढलं होतं मी. गेटवर खुर्ची टाकून बसणारा म्हातारा त्या रस्त्याला एकच आहे, हे मला सुचलं नाही.

हर्षलाचे वडील माझ्याकडे आले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
"बाई, माझा बापूस गेटवर बसतो, आख्ख्या कोनला ठावं हाय. कुनी बोलत न्हाय. तुम्ही भिंतीवर लावलंत."
मी माफी मागितली. कागद लगेच काढला. मग म्हणाले, पोरीची वही द्या, आणखी काय लिवलंय ते बघू दे.
मी म्हटलं, वह्या तपासायला घरी नेल्यात.

वह्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या. किल्ली पर्समध्ये.

खोटं का बोलले ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःला वेगळंच सांगेन. सप्टेंबरातलं एक पान आहे. त्यात लिहिलंय की बाबा गाडी लांब, वजनकाट्यापाशी उभी करतात, काच खाली न करता आजोबांकडे बघत बसतात आणि तसेच निघून जातात. हर्षलाने शाळेच्या व्हॅनमधून दोनदा पाहिलंय. तिने पाहिलंय हे त्यांना माहीत नाही. ते पान त्यांनी माझ्या हातून घेऊन वाचलं तर त्या घरात तिचं काय होईल, मला सांगता येत नाही. काही बरं होणार नाही.

सोम. २४
हर्षला आली. माझ्याकडे बघितलं नाही. सकाळी वाटलेली वही तासाच्या शेवटी सगळ्यांबरोबर परत दिली. डावीकडे वाक्य, सुंदर अक्षरात. उजवीकडे: 'मनात काही आले नाही.'
तिचंच असं नाही. निम्म्या वर्गाचं उजवं पान कोरं. चौघांनी तर पुन्हा 'छान वाटले'.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. हर्षलाच्या वडिलांचा फोन येऊन गेलेला. मुख्याध्यापक चिडले नव्हते, हिशेबी बोलत होते. यापुढे दर आठवड्याला वह्या घरी जाणार, पालकांची सही घेऊन ऑफिसात जमा. "लपवण्यासारखं नसेल तर अडचण काय, मॅडम?" मी 'बघते' म्हणून बाहेर आले. बघते काय? तिथेच बोलायला हवं होतं.

मंगळ. २५
वर्गाला सांगितलं. मी शब्द दिला होता, मी मोडला, चूक माझी. मागून यासीन म्हणाला, "मग बाई, आता खोटं खोटं लिहू का?" सगळे हसले, मीही. तो हसला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं.
वह्या परत वाटल्या. ज्याला द्यावीशी वाटेल त्याने शनिवारी द्यावी, न दिली तरी चालेल.

सुट्टीत हर्षला दाराशी थांबली.
"बाबांना दिली का वही?"
नाही म्हटलं. तुझी आहे, तुलाच दिली.
"मी पन न्हाय देनार." मग जाता जाता, "तुम्ही मला आधी का न्हाय विचारलं?"
'तू गैरहजर होतीस' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, तू नाही म्हणशील अशी भीती वाटली.
"म्हटलंच असतं," ती म्हणाली.

गुरु. २७
शाळा सुटताना तिचे वडील गेटवर. रिक्षा सोडून दिली आणि त्यांच्यापाशी गेले. शनिवारी खोटं बोलले हे सांगितलं. वही हर्षलाकडेच आहे, मागायची तर तिच्याकडे मागा, मी देणार नाही, हेही.
आज गाडी नव्हती, मोटरसायकल होती; हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली. "म्हंजे अजून काय तरी हाय तिच्यात."
मी बोलले नाही. तेच उत्तर झालं, ते आत्ता कळतंय.
"पोरीनं बापसाबद्दल लिवायचं, ते मास्तरणीनं वाचायचं, नि बापसानं न्हाय?"
प्रश्न रास्त आहे. मला हर्षलासारखी मुलगी असती तर मीही विचारला असता.
ते विचारतील का तिला? कळलं नाही. मोटरसायकल चालू केली आणि मान हलवली. निरोपाची की कशाची…

शनि. २९
सेहेचाळीसपैकी एकोणीस वह्या आल्या. हर्षलाची आहे. यासीनची नाही.
तिच्या उजव्या पानावर, पेन्सिलने:
'मी आजोबांना ते पान वाचून दाखवलं. ते बोलले, खुर्ची लिवलीस, शेवगा न्हाय लिवलास. बांधावर शेवगा होता, त्याच्या खाली ते जेवायचे. मला माहीत न्हवतं. बाबा तिथेच टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला. आता शेवगा लिहू का? भिंतीवर लावायचा न्हाय.'
खाली 'लिही' एवढंच लिहिलं. आणखी दोन ओळी सुचल्या होत्या, कौतुकाच्या. नको म्हटलं.

निघताना मुख्याध्यापकांची चिठ्ठी: सोमवारी अकरापर्यंत सर्व वह्या सहीसह ऑफिसात, अन्यथा उपक्रम बंद.

रवि. ३०
शेख मॅडमचा फोन. त्यांनी तोडगा काढलाय: दोन वह्या ठेवा, एक दाखवायची, एक लिहायची. "सब करते हैं, त्यात काय." मन झालं. कुणी दुखावणार नाही, उपक्रमही चालेल. तासभर मनात तेच घोळत होतं. पण मग यासीनला 'हो, खोटं खोटं लिही' असंच सांगितल्यासारखं होईल, आणि हे मी माझ्या हाताने, कव्हर घालून, सेहेचाळीस मुलांना शिकवेन.
दुसरी बाजूही आहे. हट्टाने उपक्रम बंद पडला तर त्या एकोणीस जणांचं काय? आणि शब्द पाळायची एवढी हौस आत्ताच का आली, १६ तारखेला कुठे होती? माहीत नाही. मुख्याध्यापक ऐकतील असं वाटत नाही.

उद्या: प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांना भेटणे. वह्या ऑफिसात देणार नाही, हे उभ्यानेच सांगणे.