अर्ध्या रस्त्यावरच्या विहिणी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे यंदा जरा कमी वाकलोय, सांभाळून घे). तुझी दाढ काढलीस, की अजून फोनवर सगळ्यांचं मतच घेते आहेस? इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी ठीक, चष्म्याचं दुकान ठीक. आईचे गुडघे तिच्या मते गेलेत आणि डॉक्टरांच्या मते जागेवर आहेत. मागायचं काही नाही, सहज लिहायला बसलो.

तुझ्या आठवणीतला आपला रस्ता आता विसर. त्याची सुधारणा झाली. टायरवाल्याचे टायर फुटपाथवरून आत गेले, त्यामुळे इथे फुटपाथ होता हे आम्हाला कळलं. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर मोडके टेम्पो सडायचे, तो बागेसाठी राखून ठेवलाय (सध्या एक रोप आणि एक टेम्पो आहे). पण खरं रामायण घडलं ते आपल्या दारासमोर. रस्त्याच्या अलीकडे आपलं घर, पलीकडे माझी सासुरवाडी. इतकी जवळची सासुरवाडी करू नकोस, असं तू तेव्हा बजावलं होतंस; मी ऐकलं नाही, भोगतोय. आईने स्वतः शिवलेले पडदे बघून सासूबाई एकदा म्हणाल्या, "बरे आहेत." झालं! बरे म्हणजे काय, यावर आई महिनाभर धुमसत होती. तेव्हापासून तीन वर्षं ना ही तिकडे गेली, ना त्या इकडे आल्या. कारण विचारलं की दोघींचं उत्तर एकच: एवढ्या गाड्यांतून जीव मुठीत धरून कोण जाणार? मी जाणार, दुसरं कोण! डबे, निरोप, औषधं, "विचारलंय म्हणून सांग", सगळं माझ्या डोक्यावर. ट्रकवाले मला ओळखीने हात करायला लागले होते.

मग रस्त्याच्या ऑफिसने शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. भिंतभर नकाशा लावला, प्रत्येकाच्या हातात दोन लाल टिकल्या दिल्या आणि धोका वाटतो तिथे चिकटवा म्हणाले. आईने चष्मा पुसला (मीच दिलेला, नंबर अगदी बरोबर आहे), नकाशावर सासूबाईंचं घर शोधलं आणि दोन्ही टिकल्या त्यावर अंगठ्याने दाबून बसवल्या. रांगेत मागेच सासूबाई! त्यांनी त्यांच्या दोन्ही आमच्या घरावर मारल्या. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. पण इंजिनीअर बाई एकदम खूश. दोन्ही बाजूंच्या नागरिकांचं इतकं स्पष्ट मत त्यांना कुठेच मिळालं नव्हतं म्हणे. या दोन घरांच्या मधोमधच मोठा धोका आहे, असा निष्कर्ष निघाला (खोटा तरी कसा म्हणू?) आणि तिथे पांढरे पट्टे आले, गतिरोधक आला आणि रस्त्याच्या मध्यावर थांबायला एक ऐसपैस बेट आलं.

आता आली का पंचाईत? गाड्या शहाण्यासारख्या थांबायला लागल्या आणि दोघींची सबबच गेली. एका संध्याकाळी आई केस विंचरून, काठी घेऊन निघाली. पलीकडून सासूबाई निघाल्या. मी आणि तुझी वहिनी दारात उभे राहून बघतोय. दोघी बेटावर पोचल्या आणि तिथेच थांबल्या. एक पाऊल पुढे टाकलं तर तिच्याकडे गेल्यासारखं होईल ना! मग तिथल्या कट्ट्यावर बसल्या. तेव्हापासून रोज बसतात. दोन्हीकडून बस धावतायत आणि मध्ये या दोघी गुडघ्यांच्या गप्पा मारतायत. कुणी कुणाकडे गेलं नाही, कुणाचा मान गेला नाही. परवा आई तिथे खदखदून हसताना दिसली. खोटं कशाला सांगू ताई, हातात गिऱ्हाइकाची फ्रेम होती आणि माझेच डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून सांगितलं.

पण दृष्ट लागलीच. किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजायला ऑफिसने एक बाई घडीची खुर्ची देऊन बसवली. तिने प्रामाणिकपणे कळवलं, की इथले पादचारी अर्ध्यापर्यंत जातात, बसतात आणि परत फिरतात. ऑफिस चक्रावलं. इंजिनीअर बाई दुकानात येऊन मला विचारून गेल्या, की लोकांना मध्येच भीती वाटते का? काय सांगणार, कप्पाळ! आता सोमवारपासून पुन्हा मोजणी. पुरेशी माणसं पूर्ण पलीकडे गेली नाहीत तर पट्टे आणि बेट उचलून पेट्रोल पंपापाशी नेणार. तिथवर आई कशी चालणार? म्हणजे पुन्हा तोच अबोला आणि पुन्हा माझे डबे.

असो. दाढेला जप.

तुझा धाकटा

ता. क. : मागायचं काही नाही म्हणालो खरा, पण रविवारी भावोजींना आणि मुलांना घेऊन येच. काम काहीच नाही, आठवडाभर रस्ता ओलांडायचा. पूर्ण. चहा दोन्ही काठांना मिळेल. मधूनमधून कपडे बदला, मोजणीवाली हुशार आहे.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. काठी उचलली, बेटावर न थांबता थेट पलीकडे गेली, सासूबाईंच्या फाटकाला हात लावून परत आली. मोजणी सोमवारी आहे गं, म्हणून मी ओरडतोय! ते बघून सासूबाई निघाल्या, आमच्या पायरीला हात लावून परत. मग सकाळभर दोघींच्या फेऱ्या. दमल्या, पण आधी थांबायचं कुणी? शेवटी दोघींचे पाय एकदमच गळाले, तेही नको त्या काठाला. आई आत्ता सासूबाईंच्या खुर्चीत बसलीय आणि सासूबाई इकडे आमच्या बाहेरच्या खोलीत पाणी पितायत. आईचा तिकडून फोन आला: पडद्यांबद्दल काही बोलल्या का?

मी विचारलं. म्हणाल्या, "बरे आहेत."

ताई, आता पलीकडे जाऊन काय सांगू, ते आधी कळव.