मागावर सोडायची वीत

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. तुम्ही होता तेव्हा तरी कुठे लिहिलं होतं? आपलं बोलणं मागाच्या खटखटीत व्हायचं, अर्धं ऐकायचं, अर्धं समजून घ्यायचं. आज लिहून राहिलो, कारण इथे सातपुड्यात, नंदुरबारच्याही पुढे, एका पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ओट्यावर मी केबलच्या तुकड्याची वाट पाहत बसलो आहे. तो धुळ्याच्या गोदामातून यायचा आहे. गाडी दुपारपर्यंत पोचेल म्हणतात. हाताला काम नाही आणि मला रिकामं बसता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

आधी माझं काम सांगतो. जमिनीखालून एक केबल जाते. तिच्या पोटात काचेचे तंतू असतात, केसाएवढे बारीक, आणि त्यांतून उजेड धावतो. त्या उजेडावर इंटरनेट चालतं. मी त्या तंतूंची टोकं जोडतो. साल काढायची, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ कापायचं आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचं. एक ठिणगी पडते आणि दोन टोकं एक होतात. तुम्ही बोटांना राख लावून नव्या ताण्याचा धागा जुन्याला पीळ देऊन जोडायचे, मला ते तसंच वाटतं. नववीत शाळा सोडलेल्याला हे काम कोणी दिलं, असं सुपरवायझरनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. मग माझी बोटं चालताना पाहिली आणि मशीन माझ्यापुढे सरकवलं. त्याआधी मी कळमेश्वरच्या कंपनीत सहा महिने होतो, मग नागपुरात, प्रताप नगरात, टीव्हीच्या डिश बसवत फिरलो. कुठे जीव रमला नाही. या कामात रोज नवा डोंगर असतो म्हणून टिकलो असेन.

आई आता नागपुरातच, हुडकेश्वरला राहते. तिथे एका खांबावर चार कंपन्यांच्या वायरी लोंबतात. एक बंद पडली तर माणूस दुसरी घेतो. इकडे एकच केबल आणायची तर खाली काळा दगड, जेसीबी अर्ध्या वाटेत थांबतो, पुढे पहार आणि घण. वाटेतल्या एका पट्ट्यासाठी जंगलखात्याच्या परवानगीच्या कागदाची वाट पाहण्यात अख्खा उन्हाळा गेला. वीज येईल तेव्हा धावत जाऊन मशीनची बॅटरी भरायची. एवढं करून शेवटी पाड्यावर घरं किती, तर वीसेक. ऑफिसातले साहेब फोनवर विचारतात, "तिथे कनेक्शन घेणार कोण?"

घेणार होत्या अंगणवाडीच्या बाई. मुलांची वजनं मोबाईलमध्ये भरावी लागतात आणि इथे रेंज नाही, म्हणून त्या दर दोन दिवसांनी समोरची टेकडी चढतात. गुडघा धरून चढतात, वर एका दगडावर उभं राहून फोन डोक्याच्याही वर धरतात. मी आलो त्या दिवशी म्हणाल्या, "दादा, ते मंत्री-बिंत्री आणून फीत कापू नका. माझी टेकडी तेवढी सोडवा."

आता मागाचा तो दिवस. तुम्हीही विसरला नसाल. मी पंधरा वर्षांचा आहे, शाळा नुकतीच सोडली आहे, लुगडं पूर्ण झालं आहे. तुम्ही चहाला गेला आहात. मला पोरांबरोबर तलावावर जायचं आहे, म्हणून मी कात्री घेतो आणि काम उरकतो. लुगडं कापून घेतो आणि मागे लोंबणारे वीतभर धागेही सगळे ओढून काढतो. माग कसा साफ दिसतो! तुम्ही दारातच थांबता.

"काहून बे, पुरंच काढलं?"

"हो. साफ केलं."

"आता नवा ताणा कायले जोडू? माह्या डोक्याले?"

आत चुलीशी बसलेली आई म्हणते, "याची गाडी सुटून राह्यली असंन."

तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर विसरलो असतो. दोन दिवस तुम्ही मला समोर बसवलं आणि एकेक धागा मागावरच्या दोऱ्यांच्या फाशातून, मग फणीतून नव्यानं ओवायला लावला, शेकडो धागे. दुसऱ्या दिवशी दुपारी, मान वर न करता म्हणालात, "लुगडं गिऱ्हाइकाचं रायते. मागची वीत मागाची रायते. येणाऱ्या धाग्याले धराले काही ठेवत जाय." आणि ओवणं संपल्यावर तीच कात्री माझ्या हातात दिली, ठेव म्हणून. ती अजून माझ्या पेटीत आहे. केबलमधला पिवळा दोरा तिच्यानं कापवत नाही, धार गेली. तरी ठेवली आहे.

केबलचंही तसंच असतं बाबा. जोडाच्या प्रत्येक खड्ड्यात आठ-दहा मीटर केबल गुंडाळून ठेवायची असते. पुढेमागे कुठे तुटली तर ती ओढून घ्यायची आणि टोकाला टोक जोडायचं. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण दोन महिन्यांपूर्वी केबलचा ड्रम संपला आणि केबल अंगणवाडीच्या अलीकडे, नाल्याशी थांबली. सुपरवायझर म्हणाला, "थांब नागपूरकर, नवीन ड्रम यायला पंधरा दिवस." पोळा जवळ आला होता, घरी जायचं होतं, आणि त्या नाल्याकाठी बसून बसून माझं डोकं फिरलं होतं. मी मागच्या तीन खड्ड्यांतल्या गुंडाळ्या सोडल्या, केबल पुढे ओढली आणि अंगणवाडीत पोचवली. तिथे भिंतीवर बसवलेल्या इंटरनेटच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. सुपरवायझरनं फोनवर "जादू करतो का बे?" म्हणून शाबासकी दिली. बाईंनी ओट्यावर बसून सगळ्या मुलांची वजनं पाठवली आणि मला नाचणीची भाकरी बांधून दिली. मी पोळ्याला घरी होतो.

नंतर पाण्याच्या पाइपासाठी खोदताना जेसीबीनं केबल तोडली. ओढून घ्यायला मागे काहीच नव्हतं. म्हणून नवा तुकडा, दोन जोड, धुळ्याची गाडी. आज बावीस दिवस झाले. मी इथून पाहतो आहे, बाई समोरची टेकडी चढताहेत. मधे एकदा थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, पुन्हा चढायला लागल्या.

सकाळी चहा देताना म्हणाल्या, "जेसीबीवाल्यानं घात केला हो दादा. तुम्ही बिचारे किती लांबून येता."

मी म्हणालो, "हो ना, न पाहता खोदतात."

ते खोटं नाही. पण गुंडाळ्या ठेवल्या असत्या तर ही केबल एका दिवसात जोडली गेली असती, हे मी त्यांना सांगितलं नाही. सुपरवायझरलाही नाही. फक्त तुकडा मोठा पाठवा म्हटलं. का, ते त्यानं विचारलं नाही. खाली घाटात गाडीचा आवाज येतो आहे. हा कागद घडी करून कात्रीखाली ठेवतो. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही बाईंना सांगणार नाही.