गाडी भरून आणा

बाबा, आज सकाळी दुकानात एकजण नवी कोरी पिकअप घेऊन आला. मागचा हौदा रिकामा, अजून ओरखडाही नाही, आणि त्याला हवे होते रुंद टायर आणि अलॉयची चमकणारी चाकं. मी म्हटलं, नेहमीचा माल भरून आणा, मग ठरवू. तो वैतागला. "मॅडम, टायर घ्यायचेत, शाळेत नाव नाही घालायचं," म्हणाला आणि निघून गेला. मानपाड्याच्या या रस्त्यावर टायरची इतकी दुकानं आहेत, पण आलेल्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवणारं आपलं एकटंच.

तुमची ही पद्धत मला आधी नुसता हेकेखोरपणा वाटायची. पण भरलेली गाडी आली की तुम्ही मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचात, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं घालून बघायचात, टायरच्या कडेवरचा वजनाचा आकडा वाचायचात आणि ड्रायव्हरला विचारायचात, वाटेत घाट लागतो का, रस्ता खडीचा आहे का. मग सांगायचात, चाकाची ही साधी लोखंडी डिस्कच ठेव, टायर मात्र जास्त वजन पेलणारा घे. दिखाऊ माल गळ्यात मारून मोकळं होणं किती सोपं होतं. तुमच्यासारखा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. तुमच्यासमोर हे कधी बोलले नाही, एवढंच.

आणि ती कळव्याची पिकअप. तुम्ही वर्तकनगरला आत्याकडे साखरपुड्याला गेलेलात, आणि नुकतंच बी.कॉम. झाल्याची ऐट मिरवणारी मी दुकानात एकटी. फरशा वाहणाऱ्या त्या माणसाच्या रिकाम्या गाडीला मी रुंद टायर आणि अलॉय चढवून दिले. संध्याकाळी त्याचा फोन आला, माल भरल्यावर टायर मडगार्डला घासतोय. तुम्ही विचारलंत, "त्याने मागितले, की तू सुचवलेस?" मी म्हटलं, त्यानेच हट्ट धरला. धडधडीत खोटं बोलले. तुम्ही ओरडलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी योग्य मापाचे टायर आणि डिस्क टेंपोत घालून कळव्याला गेलात, स्वतःच्या हाताने चाकं बदललीत, आणि परत आल्यावर म्हणालात, "उद्यापासून भरलेली गाडी तू बघायचीस." मला वाटलं, सुटले.

आजचा तो वैतागलेला माणूस दुपारी माल भरून परत आला. मी चाकापाशी बसून बोटं घालत होते, आणि अलाइनमेंटसाठी थांबलेला एकजण माझ्याकडे बघून हसत होता. तोच तो, कळव्याचा. आता केस पिकलेत त्याचे. म्हणाला, "तुझ्या बाबांना मी तेव्हाच सांगितलेलं, मी काय मागितले नव्हते, पोरीनेच सुचवले. ते म्हणाले, माहितीये मला. सांगेल ती."

कळव्याच्या त्या प्रकारानंतर तुम्ही जाईपर्यंत सात-आठ वर्षं आपण रोज एकाच टेबलावर डबा खाल्ला. तुम्ही वाट बघत होतात, आणि एकदाही आठवण करून दिली नाहीत. एवढा धीर कुठून आणलात? मी तर आज त्या गिऱ्हाइकाची वाट बघताना दहादा रस्त्यावर जाऊन आले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तरी लिहून टाकते. त्या माणसाने काहीच मागितलं नव्हतं, बाबा. मीच म्हटलं होतं, घ्या, गाडी उठून दिसेल.