उजव्या कोपऱ्यातले नाव

तीर्थस्वरूप आत्यास,

जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (या वेळी कपाळ जरा जास्तच वेळ टेकवून ठेवले आहे. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला आणि माझ्याविषयीचे मत, यांत काही सुधारणा? मी इथे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणजे ऑफिसात कोणी नुसते "कपाट" म्हटले तरी मी उठून बाहेर जातो. फोन करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून "सगळं मस्त आहे" एवढेच निघते.

तू कपाटाचा नकाशा माझ्याकडे मागितलास तेव्हा मी हरखून गेलो होतो. सगळा जन्म तू आतोबांच्या कपाटातल्या एका खणात घड्या घालून काढलास. आता जुन्या पलंगाचे जपून ठेवलेले लाकूड वापरून तुझे स्वतःचे कपाट करायचे, आणि त्यात लांब कपडे एकही घडी न पडता लटकले पाहिजेत, एवढेच तुझे मागणे होते. आतोबा म्हणाले, सुताराला तोंडी सांग, याला कशाला मध्ये घालतेस. त्यावर तू म्हणालीस, "माझा भाचा कॉम्प्युटरवर नकाशे काढतो. तोच काढेल." आत्या, तुझ्या त्या एका वाक्याने मी हवेत गेलो तो अजून खाली आलेलो नाही. म्हणजे परवापर्यंत आलो नव्हतो.

कपाट मी एका दुपारीच काढले. चांगले सात फूट उंच. उरलेला सगळा वेळ गेला तो त्याच्याभोवतीच्या चौकटीत. नकाशाला कडेने चौकट असते आणि उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, ज्यात कामाचे नाव, प्रमाण आणि काढणाऱ्याचे नाव येते. आमच्याकडे तिथे साहेबांचे नाव असते. (माझे नाव ऑफिसात फक्त माझ्या पाण्याच्या बाटलीवर आहे.) तेव्हा ही चौकट तरी मनासारखी करायची असे मी ठरवले. कॉम्प्युटरवर कपाट खऱ्या मापाचे काढतात आणि चौकट कागदाच्या मापाची. त्यामुळे पहिल्यांदा चौकट आणली तेव्हा ती कपाटाच्या पायाशी बसच्या तिकिटासारखी पडली होती. मोठी केली, तर इतकी मोठी झाली की आत कपाट शोधावे लागले. शेवटी दहास एक या प्रमाणात, म्हणजे कागदावरचे एक बोट ती लाकडातली दहा बोटे, सगळे जुळून आले. माझे नाव तर असे सुरेख बसले की मी खुर्ची मागे सरकवून नुसता बघत राहिलो.

मग छापायला गेलो. चौकट मोठ्या कागदाची आणि मोठा प्रिंटर साहेबांच्या कामात अडकलेला. लहान प्रिंटरवर काढले तर कपाट आले, पण उजवा तुकडा कापला गेला. नेमके माझे नाव. कागद आडवा केला, उभा केला, समास कमी केले. दर वेळी कपाट शाबूत आणि मी गायब. (त्या यंत्राला आतोबांनी काही सांगून ठेवले असावे.) तेवढ्यात पडद्यावर एक छोटा पर्याय दिसला: कागदात मावेल असे छापा. मी त्यावर खूण केली. कागद बाहेर आला तो चौकटीसकट, नावासकट. फक्त मापांचे आकडे मुंग्यांएवढे झाले होते आणि सगळी शोभा घालवत होते. म्हणून मी ते काढून टाकले आणि खाली ठसठशीत लिहिले की मापे कागदावरून मोजून घ्यावीत, प्रमाण दहास एक. एक प्रत सुताराला दिली, एक तुला. तुझी तू कौतुकाने भिंतीवर लावलीस.

आकडे आक्रसले तसे कपाटही आक्रसले असणार, हे कोणाच्याही ध्यानात आले असते. मी मात्र नाव वाचत होतो.

परवा सुताराचा फोन आला. त्याने पट्टी लावून, दहाने गुणून, सांगितले तसे तंतोतंत केले आहे. मुठी कुठल्या लावू विचारत होता. फार गोड झालंय म्हणाला, आणि मग सहज विचारले, "मुलगी कितवीत आहे?"

मी म्हणालो, "रिटायर झाली."

त्यावर त्याने पुन्हा पट्टी लावून उंची सांगितली. कपाट तुझ्या भुवयांशी येते. जास्तीचे लाकूड मागावे म्हटले तर तेही उरलेले नाही. त्याचे त्या भल्या माणसाने कपाटाच्या या मुलीला भेट म्हणून छोटे टेबल आणि खुर्ची केली आहे.

आत्या, आतोबा काय बोलतील याची मला भीती आहेच, पण रडू येते ते त्याचे नाही. एवढी वर्षे थांबून तुला कपाट मिळाले आणि त्यातही तुझे कपडे तळाशी दुमडूनच बसणार. ते मी केले.

अजून भाचा असल्यास, तुझा भाचा.

ता. क. कपाट रविवारी येईल. सुताराला काही बोलू नकोस. खुर्ची दाखवील, तिचे कौतुक कर, पण बसू नकोस. गुडघे.

पुन्हा ता. क. पत्र लिहिले ते खरे या कामासाठी. भिंतीवरच्या नकाशाचा उजवा कोपरा आतोबा घरी यायच्या आत कात्रीने कापून टाक. नाव गेले तरी कपाट पूर्ण दिसते. मी स्वतः पाहिले आहे.